निकालपत्राची उलटतपासणी कशी घेणार?

एप्रिल २०२५मध्ये मुंबईवरच्या २००८च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून दिल्लीला आणलं, तेव्हा रत्नागिरीच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "अमेरिकेच्या कोर्टाने सगळं तपासलंय, चौदा वर्षांची शिक्षा दिलीय. मग इथे पुन्हा पहिल्यापासून साक्षीदार कशाला? निकालाची नक्कल मागवा आणि ठेवा न्यायाधीशांपुढे." असं म्हणणाऱ्यांत शिक्षक होते, निवृत्त पोलीस होते, आमच्यातलेच दोन वकीलही होते. समोरून उत्तर आलं, "परक्या कोर्टाचा कागद आपण का मानायचा? देश सार्वभौम आहे." हा वाद तेव्हापासून मी अनेक ठिकाणी ऐकला, आणि प्रत्येक वेळी तो याच दोन खुंट्यांना बांधलेला होता. पहिल्या बाजूला एक साधी गोष्ट ठाऊक नसते. शिकागोच्या ज्यूरीने जून २०११मध्ये राणाला दोषी ठरवलं ते लष्कर-ए-तोयबाला साहाय्य केल्याबद्दल आणि डेन्मार्कमधल्या एका वर्तमानपत्रावर हल्ला करण्याच्या कटाबद्दल. मुंबईवरच्या हल्ल्याच्या कटात साहाय्य केल्याच्या आरोपातून त्याच ज्यूरीने त्याला मोकळं केलं होतं. मग ती नक्कल मागवून ठेवलीच, तर ती सरकारी वकिलाच्या कामाची की आरोपीच्या?

माझं मत आधीच सांगून टाकतो. परदेशी कोर्टाने एखाद्याला दोषी ठरवलं किंवा सोडलं, एवढ्यावरून इथल्या फौजदारी खटल्यात मूळ घटना घडली किंवा घडली नाही असं सिद्ध झालं, हे मानता कामा नये. त्या कोर्टापुढे आलेले साक्षीदार, कागद, मुद्देमाल इथे आणा, त्यांना इथे तपासा. निकालपत्र म्हणजे तो पुरावा पाहून एका न्यायाधीशाने बनवलेलं मत. मत कितीही विद्वानाचं असो, त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही. निकालपत्राला कसं विचारणार, की बाबा, तू त्या रात्री तिथे होतास का, उजेड किती होता, आरोपीचं तोंड तुला दिसलं का?

सार्वभौमत्वाची भाषा करणाऱ्यांनाही सांगायला हवं, की हा नियम परक्यांवरच्या संशयातून आलेला नाही. आपला कायदा आपल्याच कोर्टांच्या निकालांनाही हीच वागणूक देतो. १८७२च्या पुरावा कायद्यातली कलमं ४० ते ४४ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ३४ ते ३८ म्हणून आली आहेत. १ जुलै २०२४पासून हा नवा कायदा लागू आहे. त्यांचं सार असं: आधीचा निकाल दुसरा खटला रोखण्यासाठी दाखवता येतो, मृत्युपत्र, विवाह, दिवाळखोरी आणि सागरी दावे यांत माणसाचा दर्जा किंवा वस्तूवरचा हक्क ठरला असेल तर तो पुरावा ठरतो, सार्वजनिक हक्काच्या बाबतीतही दाखवता येतो, आणि असा निकाल झाला, हीच गोष्ट वादाचा भाग असेल तर अर्थातच दाखवता येतो. बाकी सगळे निकाल गैरलागू. चिपळूणच्या कोर्टात एका दरोड्यात तिघांना शिक्षा झाली आणि फरारी असलेला चौथा दोन वर्षांनी सापडला, तर त्याच्यापुढे तिघांचा निकाल ठेवून काम भागत नाही. फिर्यादी पुन्हा पिंजऱ्यात येतो, पंच पुन्हा येतात, डॉक्टर पुन्हा येतात. का? त्या पहिल्या खटल्यात या चौथ्या माणसाला एकही प्रश्न विचारायची संधी नव्हती म्हणून. चिपळूणच्या निकालाला जे मिळत नाही, ते शिकागोच्या किंवा शारजाच्या निकालाला द्यायचं असेल, तर कारण त्याच्या समर्थकांनी सांगायला हवं.

ते कारण सांगतात, आणि त्यातलं सगळंच टाकाऊ नाही. सर्वांत जड मुद्दा मी माझ्याच कामात भोगला आहे. काही वर्षांपूर्वी मंडणगड तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली. मुलाला आखातात नोकरीला लावतो म्हणून एका एजंटने पैसे घेतले होते. तिकडे नोकरी नव्हतीच; पासपोर्ट काढून घेऊन मुलाला दुसऱ्याच कामाला जुंपलं. एजंटच्या तिकडच्या भागीदाराला तिथल्या कोर्टाने शिक्षा केली होती. ते अरबी निकालपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिने आणलं होतं. तिच्या लेखी तो कागद म्हणजे देवाचा कौल होता. सरकारी वकिलाच्या मदतीला मी उभा होतो. ते निकालपत्र, त्याचं भाषांतर, अटेस्टेशनचे शिक्के, सगळं घेऊन आम्ही अर्ज दिला. निकालपत्राला पुरावा म्हणून निशाणी द्यायला कोर्टाने नकार दिला. ती बाई व्हरांड्यात येऊन मला म्हणाली, "वकीलसाहेब, तिकडच्या सायबान माझ्या झिलाचा खरा मानल्यान. हय माझा आपला कोन आयकनत नाय." त्या दिवशी माझ्याकडे तिला द्यायला उत्तर नव्हतं, आणि त्या नकाराचा मला मनापासून राग आला होता.

म्हणून हा मुद्दा मी हलक्याने घेत नाही. गुन्हा परदेशात घडतो, साक्षीदार तिकडे असतात, ते इकडे येत नाहीत. वर्षं जातात, आठवणी पुसट होतात, आरोपी जामिनावर गावात फिरतो. तिकडच्या न्यायाधीशाने साक्षीदार ताजे असताना पाहिले, त्याच्या निष्कर्षाला काहीच किंमत नाही? दुसरा मुद्दा असा, की आपल्याकडे आता ज्यूरी नाही. निकालपत्र पाहून अनुभवी न्यायाधीश भारावून जाणार नाही. तो त्याला योग्य तेवढंच वजन देईल. तिसरा मुद्दा, दिवाणी कायदा परदेशी निकाल मानतोच. मग फौजदारीत सोवळं कशाला? आणि चौथा, प्रगत देश हे करत आहेत.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांत जास्त ऐकू येतो. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ परदेशी निकाल निर्णायक मानतं, हे खरं. पण कुणामध्ये? त्याच पक्षकारांमध्ये, किंवा त्यांच्या नावाने हक्क सांगणाऱ्यांमध्ये. तिकडे जो वादी आणि प्रतिवादी, तोच इकडे. शिवाय त्या कलमात सहा अपवाद आहेत: कोर्टाला अधिकार नव्हता, निकाल गुणदोषांवर नव्हता, आंतरराष्ट्रीय कायद्याची चुकीची समजूत होती किंवा भारतीय कायदा लागू असून मानला नाही, नैसर्गिक न्याय पाळला नाही, फसवणुकीने मिळवला, भारतीय कायद्याचा भंग करणाऱ्या दाव्यावर दिला. जानेवारी २०२०मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा परस्पर-अंमलबजावणीच्या यादीत समावेश झाला, तेव्हापासून दुबईच्या बँकांचे हुकूमनामे इथल्या कर्जदारांच्या घरांपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. पैशाच्या देण्याघेण्यात हे चालतं. फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष असतो इथलं सरकार, आणि ते तिकडच्या खटल्यात नव्हतंच. पुराव्याची पातळी वेगळी, गुन्ह्याची व्याख्या वेगळी. चेक वटला नाही म्हणून अमिरातीत माणूस थेट तुरुंगात जायचा. जानेवारी २०२२मध्ये तो कायदा बऱ्याच अंशी सैल झाला. त्याआधी कोऱ्या चेकवर सही घेतलेले आणि धंदा बुडाल्यावर गैरहजेरीत शिक्षा झालेले किती जण खेड, दापोली, राजापूरच्या गावांत परत आलेत, हे या पट्ट्यात वेगळं सांगायला नको. तो निकाल उद्या इथल्या फसवणुकीच्या खटल्यात 'याने फसवलं' याचा पुरावा म्हणून चालेल का?

कौटुंबिक बाबतीत तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच धडा घालून दिला आहे. वाय. नरसिंह राव यांच्या प्रकरणात लग्न तिरुपतीला झालं होतं, घटस्फोटाचा हुकूम अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कोर्टाचा होता, नवऱ्याने दुसरं लग्न केलं, आणि पहिल्या पत्नीने द्विभार्याप्रतिबंधाखाली फौजदारी तक्रार केली. दंडाधिकाऱ्यांनी त्या परदेशी हुकमावर विसंबून आरोपींना मोकळं केलं. हा हुकूम सादर केला होता फोटोकॉपीच्या रूपात! वरच्या न्यायालयांनी ते खोडून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या प्रमाणित नकलेचा मुद्दा पाहिला नाही. तिकडच्या कोर्टाला या लग्नावर अधिकार होता का, वास्तव्य खरं होतं की घटस्फोटापुरतं दाखवलेलं, ज्या कारणावर घटस्फोट दिला ते आपल्या विवाह कायद्यात बसतं का, हे सगळं तपासलं. या खटल्यात परदेशी निकाल आरोपीची ढाल म्हणून पुढे आला होता. तो डोळे झाकून मान्य झाला असता तर फसली असती ती इथली बाई. ज्यांना वाटतं की परदेशी निकाल आत घेतले म्हणजे न्याय नेहमी पीडितांच्या बाजूने धावेल, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

प्रगत देशांचं म्हणाल तर तिथलं चित्र सांगतात तितकं एकसारखं नाही. इंग्लंडमध्ये १९४३च्या हॉलिंग्टन खटल्यात मोटारचालकाला निष्काळजीपणाबद्दल झालेली शिक्षासुद्धा नंतरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून नाकारली गेली. त्यावर टीका झाली; १९६८मध्ये दिवाणी आणि १९८४मध्ये फौजदारी कामांसाठी कायदा बदलला, पण तो स्वतःच्या देशातल्या शिक्षांपुरता. पुढे २००६मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एका आरोपीच्या पोलंडमधल्या जुन्या शिक्षा त्याच्या वर्तनाचा पुरावा म्हणून घेऊ दिल्या. मात्र पोलंड आणि ब्रिटन दोघेही मानवी हक्कांच्या एकाच युरोपीय कराराखाली होते, दोघांच्याही वर एकच न्यायालय बसलं होतं. तो विश्वास करारांनी, अनेक दशकांत उभा राहिला. आपला असा करार कुणाशी आहे? आणि अमेरिका? २००५मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आला की बंदूक बाळगायला बंदी घालणाऱ्या कायद्यात 'कोणत्याही कोर्टात' शिक्षा झालेला माणूस म्हणजे जपानमध्ये शिक्षा झालेलाही धरायचा का. बहुमताने उत्तर आलं, नाही. फक्त देशातली कोर्टं. आपल्या दंडसंहितेत जुन्या गुन्हेगाराला वाढीव शिक्षेची जी तरतूद आहे तीही 'भारतातल्या न्यायालयाने' दोषी ठरवल्यावरच लागू होते.

आता 'न्यायाधीश योग्य तेवढं वजन देईल' हा मुद्दा. यात मला सर्वांत मोठा धोका दिसतो, कारण तो समंजस वाटतो. योग्य तेवढं म्हणजे किती? ते ठरवायला न्यायाधीशाला तिकडचा खटला कसा चालला ते कळायला हवं. आरोपीला वकील होता का, दुभाषी होता का, कबुली कशी घेतली? म्हणजे रत्नागिरीच्या सत्र न्यायाधीशाने मस्कतच्या किंवा बुसानच्या कोर्टावर आधी एक खटला चालवायचा आणि मग मूळ खटला! तसं होणार नाही. होईल ते असं, की निकालपत्र फाइलीत पहिल्या पानावर लागेल, आणि पुढचा प्रत्येक कागद त्याच्या सावलीत वाचला जाईल. आपण दोषी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी हळूच आरोपीवर सरकेल, आणि त्याला तसं कुणी सांगणारही नाही.

आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ प्रत्येक गावात जहाजावर गेलेलं एखादं घर आहे. त्या घरांनी डिसेंबर २००७चं 'हेबेई स्पिरिट' विसरू नये. दक्षिण कोरियाच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभ्या असलेल्या त्या तेलवाहू जहाजावर दोर तुटलेला एक क्रेन-बार्ज येऊन आदळला, तेल समुद्रात गेलं. जहाजाचे कॅप्टन आणि चीफ ऑफिसर भारतीय होते. २००८च्या जूनमध्ये खालच्या कोर्टाने त्यांना निर्दोष ठरवलं. डिसेंबरमध्ये अपिलात त्यांना दोषी ठरवून तुरुंगात टाकलं. एप्रिल २००९मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगवास रद्द केला, प्रदूषणाबद्दलचा दंड तेवढा राहिला. ते घरी आले जून २००९मध्ये, अपघातानंतर दीड वर्षाने. समजा २००९च्या जानेवारीत याच अपघातावरून इथे काही खटला चालू असता, तर टेबलावर कोणतं निकालपत्र आलं असतं? डिसेंबरचं. पुरावा तोच होता. तीन कोर्टांनी त्याच्याकडे तीन तऱ्हांनी पाहिलं. ऑक्टोबर २०२३मध्ये कतारने आपल्या आठ माजी नौसैनिकांना फाशी सुनावली, आरोप काय ते जाहीरसुद्धा केलं नाही. फेब्रुवारी २०२४पर्यंत ते सुटले. त्या ऑक्टोबर महिन्यातल्या निकालाला कुणी 'सिद्ध झालं' म्हणायला तयार आहे का? कुलभूषण जाधवांना पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाने एप्रिल २०१७मध्ये फाशी सुनावली, तेव्हा भारत सरकारनेच हेगला जाऊन सांगितलं की हा निकाल विश्वासार्ह नाही. जुलै २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वकिलातीशी संपर्काचा हक्क डावलल्याचा ठपका पाकिस्तानवर ठेवला आणि फेरविचाराचा आदेश दिला.

'ते शत्रुराष्ट्र, ते लष्करी कोर्ट' असं म्हणून हा मुद्दा बाजूला ठेवता येत नाही, कारण मग यादी कोण करणार? मित्र कोण आणि शत्रू कोण हे परराष्ट्र खात्याचं काम. ते दर पाच-दहा वर्षांनी बदलतं. माणसाचा गुन्हा त्या बदलत्या यादीवर ठरवायचा? आम्ही कोकणातली माणसं तर 'परदेशी कोर्ट' अंगणात घेऊन वाढलो. १९४८पर्यंत सावंतवाडी आणि जंजिरा संस्थानांची कोर्टं ब्रिटिश रत्नागिरीच्या लेखी परकी होती. १९ डिसेंबर १९६१पर्यंत पणजीचं कोर्ट परकं होतं, आणि बांद्यापासून पत्रादेवीची सीमा ती किती दूर! १५ ऑगस्ट १९५५ला त्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी १९४६मध्ये पोर्तुगीज लष्करी न्यायाधिकरणाने गोवामुक्तीच्या लढ्यातले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला धाडलं. त्याच लढ्यातले मोहन रानडे यांना पोर्तुगीजांच्या कोर्टाने २६ वर्षांची शिक्षा दिली; गोवा मुक्त झाल्यावरही ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते, सुटले १९६९मध्ये. ही सगळी रीतसर निकालपत्रं होती. सही होती, शिक्का होता, पोर्तुगीज भाषेतली कारणमीमांसा होती. त्या काळात यांतल्या कुणावर सावंतवाडीत किंवा मालवणात काही फौजदारी खटला चालला असता आणि सरकारी वकिलाने पणजीचा निकाल 'पुरावा' म्हणून पुढे केला असता, तर?

अटेस्टेशनचा शिक्का आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. दहावीच्या दाखल्यापासून निकाहनाम्यापर्यंत सगळ्यावर तो मारून घ्यावा लागतो. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की सही खरी आहे आणि कागद त्या कार्यालयातून निघाला. दाखल्यावर जन्मतारीख चुकीची असेल तर शिक्का ती दुरुस्त करत नाही. परदेशी निकालाच्या प्रमाणित नकलेबद्दल आपला साक्ष्य कायदा जे गृहीत धरू देतो तेही एवढंच: ही नक्कल खरी आहे.

मग मंडणगडच्या त्या बाईला काय सांगायचं? माझा राग ओसरला तो तेच निकालपत्र पुन्हा नीट वाचल्यावर. भाषांतरात मला चार साक्षीदारांची नावं दिसली. त्यांतला एक मुलगा शेजारच्याच वाडीतला होता! एका बँक खात्याचा उल्लेख होता, त्यात इथल्या एजंटने पाठवलेल्या रकमा होत्या. मुलाच्या मोबाइलमध्ये एजंटचे आवाजी संदेश होते, ते कुणी मागितलेच नव्हते. निकालाने आम्हाला पुरावा दिला नाही, पुराव्याचा पत्ता दिला, आणि तपास अधिकाऱ्याने तो पहिल्या दिवशीच वाचायला हवा होता. शेजारच्या वाडीतला तो मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याची साक्ष झाली, आरोपीच्या वकिलाने त्याला दोन तास सोलून काढलं, तो हलला नाही. एका कलमाखाली शिक्षा झाली, दुसऱ्यातून एजंट सुटला, अपील अजून चालू आहे. पण जी शिक्षा झाली ती त्या मुलाच्या तोंडच्या शब्दांवर उभी आहे, आणि अपिलात ती कोसळली तरी कशामुळे कोसळली ते आम्हाला कळेल.

साक्षीदार परदेशात आहेत म्हणून काहीच करता येत नाही, हेही पूर्ण खरं नाही. महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रफुल्ल देसाई या २००३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घेता येते असं स्पष्ट केलं. मुंबईवरच्या २००८च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा झाली होती, कबुली झाली होती. तरी मुंबईच्या खटल्यासाठी त्याला माफीचा साक्षीदार केलं गेलं, आणि २०१६मध्ये तो व्हिडिओवरून साक्षीला बसला, त्याची उलटतपासणीही झाली. नुसता शिकागोचा निकाल ठेवून कुणी मोकळं झालं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०९नुसार परदेशातल्या न्यायिक अधिकाऱ्यापुढे किंवा आपल्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढे नोंदलेल्या साक्षी इथे घेता येतात. साक्षी घेता येतात. निकालाचं नाव त्या कलमात नाही. मुंबईतल्या १९९३च्या बॉम्बस्फोटांआधी जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीला शस्त्रं, स्फोटकं उतरली; त्या स्फोटांच्या खटल्यातही सरकारला शेकडो साक्षीदार एकेक करून उभे करावे लागले. वेळ फार लागला, याची तक्रार मलाही आहे. पण आज त्या निकालावर बोट ठेवून 'हे कुणी पाहिलं?' असं विचारलं, तर साक्षीदारांच्या जबान्या उघडून दाखवता येतात.

एक मात्र मी विरोधकांकडून घेतो. ज्याने तिकडे त्याच कृत्यासाठी तुरुंगवास भोगला आहे, त्याच्या इथल्या शिक्षेतून ती वर्षं वजा व्हावीत, आणि त्यासाठी परदेशी निकाल कोर्टापुढे यावा. तिथे तो घटनेचा पुरावा म्हणून येत नाही. भोगलेल्या दिवसांचा हिशेब म्हणून येतो.

वाद घालायचाच तर मला तो दुसऱ्या गोष्टीवर हवा आहे. आखातातून किंवा जहाजावरून आलेला साक्षीदार महिना-दीड महिना गावात असतो. कुणी ईदला येतो, कुणी गणपतीला. त्या दिवसांत आपण त्याला समन्स बजावतो, तो कामधंदा सोडून कोर्टात येऊन बसतो, आणि संध्याकाळी त्याला तीन महिन्यांनंतरची तारीख मिळते. तोवर त्याचं विमान सुटलेलं असतं. पुढच्या वर्षी तो येईलच असं नाही. अशा साक्षीदाराची साक्ष तो आल्यापासून पंधरा दिवसांत, एका बैठकीत, उलटतपासणीसह नोंदवायची, असा नियम रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत केला, आणि प्रत्येक जिल्हा कोर्टात अरबीचा एक भरवशाचा भाषांतरकार नेमला, तर निकालपत्राची पिशवी छातीशी धरून व्हरांड्यात बसायची वेळ पुढच्या बाईवर कदाचित येणार नाही. गणपतीला अजून दोन महिने आहेत. माझ्या टेबलावर अशा तीन साक्षीदारांचे अर्ज आहेत, तिघेही चतुर्थीच्या आदल्या दिवशी उतरणार आहेत, आणि तिघांच्याही तारखा आज दिवाळीनंतरच्या पडल्या आहेत.